विणकरांचं नवापूर, सुरतेची साडी आणि रेशमाचा प्रश्न



लग्न ठरलं की आपल्या नवापुरात आधी कपड्यांची यादी होते, आणि यादी पुरी व्हायच्या आत कुणीतरी विचारतंच, "मग सुरतेला कधी जायचं?" मामाकडचं पानेतर, सासरचं घरचोळं, मारवाडी घर असेल तर पोमचा, देण्याघेण्याच्या साड्या, शिवाय मुलींचे घागरे. सकाळच्या गाडीने जायचं आणि रात्री पिशव्या सांभाळत परत यायचं, हे आपल्या आज्यांपासून चालत आलं आहे.

अलीकडे मात्र या यादीवर घरोघरी एक वाद होतो. नवरी म्हणते, "मला रेशीम नको. कोष उकळून काढलेल्या धाग्यात मी फेरे घेणार नाही." आजी म्हणते, "अगं, रेशीम तर पवित्र. आमच्या वेळी पूजेलासुद्धा रेशीमच नेसायचे." आई मध्ये सापडते. दोघींना वाटतं की आपण धर्माचंच बोलतोय, आणि खरं म्हणजे दोघींचंही तसं चुकत नाही.

हा वाद मिटवायचा तर आपल्या कपड्यांचा इतिहास थोडा बघायला हवा. आपल्या गावाचा, सुरतेच्या रस्त्याचा आणि आपल्या समाजाचा. तो बघितला की कळतं, ज्याला आपण "पूर्वापार" म्हणतो ते कितीदा तरी बदललेलं आहे.

नावापूर, विणकरांनी भरलेलं

आज नवापुरात कपडा विकत मिळतो, विणला जात नाही. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी असं नव्हतं.

टॅव्हर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला. हिऱ्यांचा व्यापार करायचा, आणि प्रत्येक रस्ता, प्रत्येक मुक्काम, दोन गावांमधलं अंतर टिपून ठेवायचा. त्याचं प्रवासवर्णन १६७६ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा रस्ता त्यात टप्प्याटप्प्याने दिला आहे: सुरत, बारडोली, वालोड, पुढे नवापूर, मग नंदुरबार, थाळनेर, चोपडा आणि बुऱ्हाणपूर. आपल्या गावाबद्दल तो म्हणतो की हे मोठं खेडं विणकरांनी भरलेलं आहे, पण इथला मुख्य व्यापार तांदळाचा. गावाजवळून नदी वाहते, तिच्या पाण्यावर भात होतो. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास. बडे सरदार हाच तांदूळ खातात आणि इराणमध्ये कुणाला भेट द्यायची तर याची गोणी पाठवतात, असंही त्याने लिहून ठेवलं आहे.

ती नदी म्हणजे आपली रंगावली. भात आपल्या तालुक्यात आजही पिकतो आणि नवापूरच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकन आहे. शेत राहिलं, माग गेले.

त्या काळी नंदुरबारही मोठी पेठ होती. १६६६ च्या सुमारास इंग्रजांनी तिथे वखार घातली होती. सुरत बंदरातून जो कपडा अरबस्तानात, इराणात आणि युरोपात जायचा, तो काही सगळा सुरतेत विणलेला नसायचा. आतल्या गावांतून, रस्त्यालगतच्या मागांवरून तो गोळा होत बंदरात पोचायचा. म्हणजे आज आपण ज्या दिशेला साडी आणायला जातो, त्या दिशेला तेव्हा या भागातून कपडा जात होता.

सुरतेचा शेठ आणि त्याचा नातू

त्या वेळच्या सुरतेत वीरजी व्होरा हे नाव सगळ्यांना ठाऊक होतं. हा आपला जैन व्यापारी, लोंकागच्छाचा श्रावक. मिरी, पोवळी, मसाले, कापड, सगळ्यात त्याचा हात. इंग्रज आणि डच कंपन्यांना तो कर्ज द्यायचा. त्या काळच्या जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांत त्याची गणना होत असे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा ज्या बड्या हवेल्यांवर घाला पडला, त्यात वीरजी व्होराची हवेली होती.

आपल्यासाठी त्या घराण्याची दुसरी आठवण अधिक मोलाची आहे. परंपरेनुसार स्थानकवासी परंपरेच्या आद्य पुरुषांपैकी लवजी ऋषी हे याच वीरजी व्होराच्या मुलीचे पुत्र. आजोबांच्या वखारीत देशोदेशीचं कापड, आणि नातवाने अंगावर घेतली ती साधी पांढरी वस्त्रं. एकाच घरात, एकाच काळात.

आपल्या समाजात या दोन्ही गोष्टी नेहमीच शेजारी शेजारी राहिल्या आहेत. कपड्याचा व्यापार आपला, जवाहिऱ्यांच्या पेढ्या आपल्या, आणि त्याच घरांतून दीक्षाही होतात. दीक्षेच्या वरघोड्यात मुमुक्षू मुलगी नवरीसारखी सजते, सगळे दागिने घालते, आणि नंतर ते सगळं कायमचं उतरवते. छान कपडा वाईट असतो असं आपल्या धर्माने कधी म्हटलं नाही. तो किती, कशासाठी आणि कुणाच्या जिवावर, एवढंच विचारलं.

पाटणचं पटोळं आलं जालन्याहून

आता आजींच्या म्हणण्याकडे येऊ. रेशीम पवित्र, हे कुठून आलं?

बाराव्या शतकात पाटणला सोळंकी राजा कुमारपाळ राज्य करत होता. हेमचंद्राचार्यांचा शिष्य, राज्यात जीवहत्या बंद करणारा, आपल्या इतिहासातला मोठा राजा. त्याच्याबद्दलची एक कथा साळवी विणकरांच्या परंपरेत सांगितली जाते. राजा रोज देवपूजेला नवं पटोळं नेसायचा. पटोळी यायची जालन्याहून. एके दिवशी कळलं की तिथला राजा आधी पटोळी स्वतः वापरून मग पाटणला पाठवतो. वापरलेलं वस्त्र पूजेला कसं चालेल? म्हणून कुमारपाळाने जालना भागातली सातशे साळवी कुटुंबंच पाटणला आणून वसवली. म्हणजे गुजरातची शान म्हणून मिरवणाऱ्या पटोळ्याचं माहेर, या कथेप्रमाणे, आपला मराठवाडा!

पटोळ्यात ताणा आणि बाणा, दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून-बांधून रंगवतात आणि मग नक्षी जुळवत विणतात. एका साडीला चार-सहा महिने सहज लागतात. म्हणून ती लाखांत जाते.

या कथेत कुमारपाळाची चिंता कशाची आहे ते बघा. वस्त्र कोरं आहे की वापरलेलं, शुद्ध आहे की उष्टं, याची. रेशीम भिजवलं तरी लवकर वाळतं, सुताइतकं सोवळ्या-ओवळ्यात अडकत नाही, म्हणून सगळ्याच समाजांत पूजेला रेशीम योग्य मानलं गेलं. आपल्याकडच्या पूजेच्या रेशमी वस्त्रांमागेही हाच शुद्धीचा विचार होता. धागा कसा निघतो हा प्रश्न घराघरात पोचलेला नव्हता. रेशीम किड्याचं असतं हे माहीत असेल, पण तो कारखाना डोळ्यांसमोर नव्हता.

आज तो आहे. तुतीच्या रेशमाचा किडा स्वतःभोवती कोष विणतो. त्या एका कोषात कित्येकशे मीटरचा अखंड धागा असतो. आतला जीव पतंग होऊन बाहेर पडला तर कोषाला भोक पडतं, धागा तुटतो. म्हणून त्याआधीच कोष वाफेत किंवा गरम पाण्यात घालून जीव मारला जातो. एक किलो कच्च्या रेशमाला असे पाच-सहा हजार कोष लागतात. आपण सचित्त-अचित्ताचा एवढा विचार करतो, पाणी गाळून पितो, चातुर्मासात पालेभाजी सोडतो. मग मुलींनी हा प्रश्न विचारला तर तो त्यांनी आपल्याच घरातून उचललेला आहे.

आजींच्या बाजूने शुद्धीचा विचार आहे, नातीच्या बाजूने अहिंसेचा. पण जुन्या आगमांत बघितलं तर नातीचं पारडं जड आहे. आचारांग सूत्रात साधू-साध्वींनी कोणती वस्त्रं घ्यावीत ते सांगितलं आहे. लोकर, ताग, क्षौम, कापूस अशी साधी वस्त्रं चालतात. भारी, महागमोलाची वस्त्रं मात्र घेऊ नयेत. आज कितीतरी आचार्य भगवंत आणि साध्वीजी व्याख्यानात सांगतात की पूजेलाही रेशीम टाळा, सुती घ्या. ही नवी फॅशन नाही, जुन्या वाटेवर परत येणं आहे.

गाडी आली आणि दिशा बदलली

एकोणिसाव्या शतकात खानदेशच्या कापसाला मोठे दिवस आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस थांबला, आणि विलायतेच्या गिरण्यांना इथला कापूस हवा झाला. मारवाड आणि गुजरातमधून व्यापारी कुटुंबं खानदेशात येऊन स्थिरावली त्यात आपली कितीतरी घरं आहेत. कापूस गाठी बांधून बाहेर गेला, आणि त्याचाच कपडा होऊन परत आला, स्वस्त, गुळगुळीत, एकसारखा. हातमागाला ती स्पर्धा झेपण्यासारखी नव्हती.

१९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत आली आणि नवापूरला स्टेशन मिळालं. बैलगाडीने कित्येक दिवसांचं असलेलं सुरत काही तासांवर आलं. अमळनेरची प्रताप मिल याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला. मालेगाव, धुळे, बुऱ्हाणपूर इथल्या मागांवरची रंगीत नऊवारी लुगडी आठवडे बाजारात यायची. सुरतेची जर, मुंबईचं मिलचं पातळ, मालेगावचं लुगडं, सगळं एकाच दुकानाच्या गादीवर. दुकानदार मावची, अहिराणी, गुजराती, मराठी सगळं बोलायचा, कारण गिऱ्हाईक सगळ्या भाषांचं होतं. आदिवासी बायकांना कोणता काठ आणि कोणता रंग लागतो हे त्याला तोंडपाठ असायचं.

नेसण्याची तऱ्हाही प्रवासानेच बदलली. आज आपण जी पाचवारी नेसतो तिच्या मागे ज्ञानदानंदिनी देवींचं नाव घेतलं जातं. रवींद्रनाथ टागोरांच्या या वहिनी. पती सत्येंद्रनाथ पहिले भारतीय आयसीएस अधिकारी, नेमणूक मुंबई इलाख्यात. १८६० च्या दशकात त्या मुंबईला आल्या, पारशी बायकांचं नेसणं बघितलं, त्यात आपल्या सोयीने फेरफार केला आणि ते बंगालमध्ये नेलं. घराबाहेर पडणाऱ्या बाईला वावरता येईल असं नेसणं हवं होतं, म्हणून ते रुजलं. आपल्या नवापुरात अजूनही कुणाचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे, कुणाचा डाव्या खांद्यावरून मागे. मांडवात नुसता पदर बघून माहेर गुजरातीकडचं की मराठीकडचं ते ओळखता येतं.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, आणि सीमा नेमकी आपल्या स्टेशनमधून गेली. फलाट आठशे मीटरचा, त्यातला तीनशे मीटर महाराष्ट्रात आणि पाचशे मीटर गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. एका बाकावर बसलं तरी अर्ध्या बाकाचं राज्य वेगळं. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत. बाहेरचे लोक फोटो काढतात, आपण मात्र सुरतेच्या पिशव्या घेऊन रोजच्यासारखे उतरतो. कपड्यांच्या बाबतीत ती रेघ आपल्याला कधी लागलीच नाही.

चरबीची खळ आणि खादी

कपड्यामागची हिंसा हा प्रश्न आपल्या समाजात पहिल्यांदा आजच्या मुलींनी विचारला असं नाही. तो शंभर वर्षांपूर्वीही विचारला गेला होता, तेव्हा रेशमाबद्दल नाही, गिरणीच्या सुती कपड्याबद्दल.

गिरणीत सूत तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावतात. त्या काळी विलायती गिरण्यांच्या खळीत जनावरांची चरबी वापरली जायची. स्वदेशीच्या चळवळीत ही गोष्ट गावोगावी सांगितली गेली, आणि अहिंसा मानणाऱ्या घरांना ती फार लागली. वरून सुती, आत चरबी! ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते विलायती कपड्यांची मोठी होळी झाली. १९३० मध्ये बायका स्वतः विलायती कापडाच्या दुकानांसमोर धरणं धरून उभ्या राहिल्या. दुकानं पुष्कळदा आपल्याच माणसांची, आणि समोर उभ्या असलेल्याही आपल्याच लेकी-सुना.

नवापूरच्या शेजारी, वालोडजवळच्या वेडछीला आश्रम उभा राहिला. तिथे आदिवासी भावंडांमध्ये चरखा आणि खादीचं काम चाललं. एके काळी विणकरांनी भरलेल्या या पट्ट्यात सूत पुन्हा हाताने कातलं जाऊ लागलं.

आपल्या साधुसंघातही याचे पडसाद उमटले. मुंबईच्या महावीर जैन विद्यालयामागची प्रेरणा असलेले आचार्य विजय वल्लभसूरीजी (१८७०–१९५४) स्वतः खादी वापरत आणि श्रावक-श्राविकांना स्वदेशीचा, साधेपणाचा उपदेश करत. म्हणजे आपल्या पणज्यांनी एकदा हे करून दाखवलेलं आहे. ट्रंकेतला आवडता कपडा, कुणी जबरदस्ती केली नसताना, त्याच्यामागे काय आहे हे कळलं म्हणून बाजूला ठेवला.

नकली रेशीम आणि अहिंसा रेशीम

सुरतेने या सगळ्यात आपली वाट काढली. १९२०–३० च्या दशकांत परदेशातून लाकडाच्या लगद्यापासून केलेला चमकदार धागा येऊ लागला. त्याला नाव पडलं आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम. सुरतेच्या विणकरांनी तो मागावर चढवला, मग वीज आली, यंत्रमाग आले. पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टर आलं. आपल्या आयांच्या तरुणपणी गार्डन वरेलीची फुलाफुलांची साडी म्हणजे काय थाट होता! धुवा, वाळवा, इस्त्रीचीही गरज नाही. आज रिंग रोडच्या मार्केटांतून देशभर साड्या जातात, त्या बहुतेक याच धाग्याच्या.

बघा, आजींच्या कपाटातल्या कितीतरी "रेशमी" साड्यांत मुळात रेशीम नाहीच. रेशमासारखी चमक कमी पैशांत मिळाली म्हणून ती घेतली गेली. अहिंसेचा प्रश्न नकळत अर्धा सुटला तो असा.

पण पॉलिएस्टर घेतलं की सगळं निर्दोष झालं असंही नाही. ते खनिज तेलापासून होतं, मातीत विरघळत नाही, धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यातून नदीत जातात. आपल्या रंगावलीचं पाणी शेवटी तापीलाच मिळतं, आणि सुरत तापीवरच आहे. पाण्यातल्या जीवांचाही विचार आपल्याकडेच सांगितलेला आहे. म्हणून एक साडी वर्षानुवर्षं नेसली जाते, की दहा साड्या दोनदा नेसून कपाटात पडतात, हा प्रश्न धाग्याइतकाच महत्त्वाचा.

अहिंसा रेशीम हाही पर्याय अलीकडे मिळतो. आंध्र प्रदेशातल्या हातमाग क्षेत्रात काम करणारे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावरच कोषातून धागा काढायच्या पद्धतीवर काम केलं आणि तिचं पेटंट घेतलं. धागा तुटका असतो, म्हणून तो कापसासारखा कातावा लागतो. चमक कमी, किंमत जास्त. यावरही काही जण शंका काढतात. पाळीव तुतीचा पतंग नीट उडू शकत नाही, त्याची शेकडो अंडी सगळी जगवली जात नाहीत. आसामच्या एरी रेशमाचा कोष मुळातच एका बाजूने उघडा असतो, पण तिथे आतला किडा खाण्याचीही पद्धत आहे. त्यामुळे नुसतं नाव ऐकून समाधान मानू नये. ज्यांना अजिबात शंका नको त्यांना सुती आहेच, आणि सुती म्हणजे कमी थाटाचं असं कुणी सांगितलं? महेश्वरीत, चंदेरीत शुद्ध सुतीही मिळते, फक्त विचारून घ्यावी लागते, कारण या दोन्हींत बहुतेकदा रेशमाचा धागा मिसळलेला असतो.

आनंद श्रावकाची यादी

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा आहे. वाणिज्यग्रामचा मोठा धनिक. कोट्यवधी सुवर्णमुद्रा, हजारो गायी. भगवान महावीरांजवळ त्याने श्रावकाची व्रतं घेतली आणि एकेका वस्तूचं परिमाण ठरवलं. प्रवासासाठी पाचशे गाड्या आणि मालासाठी पाचशे गाड्या त्याने ठेवल्या. म्हणजे व्यापार सोडला नाही, फिरणं सोडलं नाही. वस्त्रांत मात्र त्याने फक्त क्षौमाची जोडी ठेवली. क्षौम म्हणजे अळशीच्या धाग्याचं वस्त्र, टीकाकार त्याचा अर्थ सुती असाही लावतात. दागिन्यांत साधी कर्णभूषणं आणि नावाची अंगठी. बाकी सगळ्याचा त्याग.

हजार गाड्यांचा मालक आणि एक वस्त्रजोडी! आपल्याला तेवढं जमणार नाही. पण यादी करण्याची त्याची रीत आपल्याला जमण्यासारखी आहे. खरेदीची यादी आपण सगळ्याच करतो, "काय घ्यायचं" अशी. त्याची यादी होती "एवढंच ठेवायचं" अशी.

आपले चौदा नियम तेच सांगतात. त्यात "वत्थ" म्हणजे वस्त्र हा एक नियम आहेच, आणि "दिशि" म्हणजे आज कोणत्या दिशेला किती लांब जायचं हाही आहे. रोज सकाळी ज्या बायका हे नियम धारतात त्यांना ठाऊक आहे की कपड्याची मर्यादा आणि प्रवासाची मर्यादा एकाच श्वासात घ्यायची असते. पूर्वी दुकान लांब होतं, म्हणून दिशा आवरली की खरेदी आपोआप आवरायची. आता मोबाईल हातात आहे आणि सुरतेचं अख्खं मार्केट रात्री अकरा वाजता पलंगावर येतं. पाय घरात असतात, मन चारी दिशा फिरून येतं. म्हणून वत्थाचा नियम आता जास्त जागरूकपणे घ्यावा लागतो.

तीर्थयात्रेतही हेच. पालिताणा, शंखेश्वर, नाकोडा किंवा आपलं जवळचं बळसाणे, कुठेही गेलो की धर्मशाळेबाहेरची दुकानं बोलावतातच. एखादी वस्तू आठवण म्हणून घेतली तर काही बिघडत नाही. पण गाठोडं यात्रेपेक्षा जड झालं तर परतीच्या गाडीत दर्शनाऐवजी भावाच्या घासाघिशीचीच चर्चा चालते.

दुकानात बसल्यावर

ज्या घरी यंदा लग्न आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

"सिल्क" शब्द ऐकून घाबरू नका आणि भुलूही नका. आर्ट सिल्क, सेमी सिल्क, सिल्क ब्लेंड ही सगळी वेगळी. ब्लेंडमध्ये खरं रेशीम असू शकतं. सिल्क मार्कची चिठ्ठी असेल तर ते शुद्ध रेशीम. इतर लोक ती चिठ्ठी शोधून घेतात, आपण ती बघून परत ठेवावी.

शंका असेल तर पदराच्या टोकाचे दोन धागे मागून जाळून बघा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सूत कागदासारखं जळतं.

जरीकडेही लक्ष द्या. सुरतेची खरी जर म्हणजे चांदीची तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून सोन्याचं पाणी दिलेली. साडी सुती असली तरी जरीच्या आत रेशीम असू शकतं. आजची नकली जर बहुधा सुताच्या किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यावर असते. ती आपल्याला चालते आणि पैसेही वाचतात.

घरचोळं सुतीमध्येही होतं. जुन्या घरांत सुती घरचोळी जपून ठेवलेली असतात. जरीच्या चौकटी आणि बांधणी तीच, धागा सुताचा. नवरीला आजीचं घरचोळं नेसवलं तर नवीन रेशीम घ्यावंच लागत नाही. आणि आजींचं जुनं रेशमी घरचोळं असेल आणि नवरीचं मन तयार असेल, तर त्यासाठी आज नवा जीव जात नाही, हेही लक्षात घ्या. मन तयार नसेल तर ते कपाटातच राहू द्या.

आजींशी बोलताना मात्र एक सांभाळा. त्यांना हिंसक ठरवू नका. त्यांनी ज्या काळात पूजेची वस्त्रं निवडली तेव्हा शुद्धीचा विचार त्यांच्यापुढे होता, आणि तो त्यांनी मनापासून पाळला. त्यांच्याच आयांनी चरबीची खळ आहे म्हणून विलायती कपडा टाकला होता. रेशीम टाकणारी नात त्याच घराण्याची आहे. हे त्यांना असं सांगितलं तर बऱ्याच आजी स्वतःच म्हणतील, "मग सुतीचंच बघा, पण काठ मात्र रुंद घ्या."

टॅव्हर्निएच्या वाटेवर आज सुरत–धुळे महामार्ग आहे. चातुर्मास संपला की त्यावरून साध्वीजी विहार करत नवापुरात येतात. आपण पांढरं सुती वस्त्र वहोरावतो, आणि त्या गरजेपुरतंच घेतात. जास्त दिलं तर हात आखडतात. पुढच्या वेळी सुरतेच्या गादीवर दुकानदार पन्नासावी साडी उलगडेल तेव्हा तो आखडलेला हात एकदा आठवून बघा, आणि मग हवी ती साडी आनंदाने घ्या.

आपल्या घरात जुनं सुती घरचोळं किंवा खादीच्या काळातली एखादी ओढणी असेल तर तिची गोष्ट आजींकडून विचारून लिहून ठेवा. आपल्या गावचे माग गेले तेव्हा त्यांची नोंद ठेवणारा एक परदेशी प्रवासी होता. आपल्या कपाटांची नोंद आपल्यालाच ठेवायची आहे.

जय जिनेंद्र.